प्रॉपर्ली कुठे बसवायचं?

लिफ्टचं जाळीचं दार उघडं राहिलं की लिफ्ट जागची हलत नाही. उपाय एकच, दार लावायचं. हे लहान पोरालाही कळतं. पण अण्णा लहान पोर नव्हते, मोठ्या कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच.

झालं असं. काकू, म्हणजे अण्णांची बायको, हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून परत आल्या. सूज उतरेपर्यंत जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. आणि घर चौथ्या मजल्यावर! अण्णांनी लिफ्टचं बटण दाबलं. दिवा पाचाच्या आकड्यावर लागलेला, तो काही सरकेना. पुन्हा दाबलं, बोट बदलून दाबलं, मग वॉचमनने दाबून पाहिलं, कारण बटण दाबण्यात आपला हात काही वेगळाच आहे अशी त्याची समजूत होती. वर कुणीतरी नेहमीसारखं दार सताड उघडं टाकून गेलं होतं. काकू वॉचमनच्या स्टुलावर पाय लांब करून बसल्या, आणि पाचव्या मजल्यावरच्या कुणाला तरी स्वतःच्या कामासाठी खाली यावंसं वाटेपर्यंत बसूनच राहिल्या.

घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, “अहो, वर जा आणि तिन्ही घरांत सांगून या. दार लावत जा म्हणावं. एक जिना तर चढायचाय.”

“सांगून येऊ?” अण्णा म्हणाले. “तोंडी?”

“मग काय, गाऊन?”

“तोंडी सांगण्याला काडीची किंमत नसते. उद्या ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून मोकळे. मी पाटी लावतो. रीतसर. इंग्रजीत.”

“काय लावायचं ते लावा, पण शनिवारच्या आत लावा. शनिवारी मला खाली उतरायचंय म्हणजे उतरायचंय.”

शनिवारी महिला मंडळाचं नाटक होतं. काकू मंडळाच्या जन्मापासूनच्या प्रॉम्प्टर. विंगेत अंधारात बसायचं आणि अडखळणाऱ्या बायकांना वाक्यं पुरवायची. प्रत्येक नाटकातलं प्रत्येक पात्र त्यांना तोंडपाठ, पण प्रेक्षकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. यंदा न्यायाधीशाचं काम करणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि ती भूमिका काकूंकडे आली. काम बसूनच करायचं, म्हणजे गुडघ्याचीही हरकत नाही. काळा झगा इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगलेला होता, आणि काकू येता-जाता त्याची न पडलेली सुरकुती सरळ करायच्या. एवढा आनंद त्यांना लेकीच्या लग्नात झाला नव्हता. त्या लग्नात अण्णांनी जेवणाच्या पंगतींचं परिपत्रक काढलं होतं, हे त्याचं एक कारण असू शकेल.

पाटी इंग्रजीतच का, हा प्रश्न सोसायटीत कुणी विचारत नसे. आपल्या भाषेत लिहिलं की घरातलंच कुणीतरी बडबडतंय असं वाटतं आणि लोक कानाआड करतात. इंग्रजीत लिहिलं की कायदा वाटतो. तोही लोक मोडतातच, पण जरा दबकून.

आता अण्णांच्या कचेरीतली एक रीत सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. तिथे कुठलाही मसुदा साहेबापुढे गेला की साहेबाने त्यात एक तरी शब्द बदलायचाच. नाही बदलला तर साहेबाने वाचलाच नाही असा अर्थ. आणि साहेबाला बदलायला काही सापडलं नाही, तर तो चिडून अख्खा मसुदाच बदलायचा. अण्णांनी यावर एक तोड काढली होती. मसुद्यात मुद्दामच एखादा शब्द थोडा वाकडा बसवून ठेवायचा. साहेबाच्या नजरेत तो खुपायचा, साहेब त्याचा कान धरून त्याला जागेवर बसवायचा, आपण होतो म्हणून निभावलं असं स्वतःशी म्हणायचा आणि खूश होऊन सही ठोकायचा. अण्णांचा वाकडा ठेवण्याचा लाडका शब्द म्हणजे ‘प्रॉपर्ली’. क्रियाविशेषण हे सरकवायला फार सोयीचं. कर्मणी प्रयोगात तर विचारूच नका, कुठेही बसतं आणि कुणालाही उठवता येतं. या एका युक्तीवर अण्णांची अख्खी नोकरी सुखाने पार पडली होती.

तेव्हा अण्णांनी सवयीने लिहिलं, “द लिफ्ट डोअर मस्ट प्रॉपर्ली बी क्लोज्ड.” म्हणजे प्रॉपर्ली एक घर आधी. चेअरमन ते ‘बी’च्या पुढे नेतील, ‘मस्ट बी प्रॉपर्ली क्लोज्ड’ करतील आणि सही देतील. संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

चेअरमन तिसऱ्या मजल्यावर राहायचे, त्यांचं पाइपांचं दुकान होतं. त्यांनी मसुदा मोठ्याने वाचला. अण्णा श्वास रोखून उभे.

“वा! मस्ट प्रॉपर्ली! काय दणका आहे हो!” चेअरमन म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

“काही बदल वगैरे?” अण्णांनी चाचरत विचारलं. “नाही, ते प्रॉपर्ली जरासं आधीच आलंय असं नाही वाटत आपल्याला?”

“छे छे, तीच तर गंमत आहे! हात लावू नका.”

सही मिळाली म्हणून चेहरा पाडून घरी आलेला माणूस काकूंनी पहिल्यांदाच पाहिला.

“झालं ना मग? लावा पाटी,” त्या म्हणाल्या.

“कशी लावू? वाकडा शब्द तसाच राहिलाय. उद्या जगाला वाटेल, मला इंग्रजी येत नाही.”

इथे अण्णांनी गप्प बसायला हवं होतं. पण अब्रूचा प्रश्न आला की शहाणी माणसं हात दाखवून अवलक्षण करतात. कायद्याच्या दृष्टीने तपासून घ्यावं, असं निमित्त काढून ते पहिल्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेले. वकिलांनी चष्मा चढवला आणि एका झटक्यात प्रॉपर्ली उचलून ‘बी’च्या पुढे ठेवलं. अण्णांचा जीव भांड्यात पडला. तो भांड्यातून बाहेर पडला संध्याकाळी, चेअरमननी जिन्यात गाठल्यावर.

“माझ्या सहीनंतर वकिलाने हात घातला?” ते कडाडले. “माझं प्रॉपर्ली होतं तिथेच राहील!” सकाळपर्यंत ज्यांना प्रॉपर्ली या शब्दाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना आता तो वाडवडिलांच्या जमिनीसारखा वाटू लागला होता.

हा आवाज दुसऱ्या मजल्यावर ट्यूशनबाईंच्या कानावर गेला. त्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायच्या, आणि सोसायटीतली निम्मी माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली किंवा त्यांची पोरं तरी जात असलेली.

“मस्ट आणि बी यांचा सुखाचा संसार आहे,” त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “आणि बी-क्लोज्डचं तर सात जन्मांचं नातं. त्यांच्या मधे कडमडायला हा प्रॉपर्ली कोण लागून गेलाय? त्याला शेवटी बसवा. ‘मस्ट बी क्लोज्ड प्रॉपर्ली’. मी मुलांना तेच शिकवते. पाटीवर भलतंच दिसलं तर त्यांच्या आया मला जाब विचारतील.”

वकील खालून ओरडले, “शेवटी ठेवलं तर पळवाट राहते! लोक म्हणतील, दार बंद केलं होतं, फक्त प्रॉपर्ली नव्हतं!”

“मग मधे ठेवल्यावर काय म्हणतील?”

“तेच म्हणतील, पण कोर्टात उभे राहून म्हणतील!”

अण्णा जिन्याच्या वळणावर मधोमध उभे होते. तीन जागा आणि तीन माणसं. कचेरीत साहेब एका वेळी एकच असतो, ही व्यवस्था केवढी थोर होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

रात्री त्यांनी परदेशातल्या जावयाला फोन लावला. जावई इंग्रजी मुलखातच राहतो, तो सोक्षमोक्ष लावील. जावयाने हापिसातल्या गोऱ्या मित्रांना विचारलं आणि कळवलं, “बाबा, त्यांना तिन्ही बरोबर वाटतात. पण ते विचारतायत, अशी पाटी कशाला? इथे लिफ्टची दारं आपोआप लागतात.” अण्णांनी फोन ठेवला. माणसाने जावयाकडून फार अपेक्षा ठेवू नये, एवढंच ते काकूंना म्हणाले.

या सगळ्यात लिफ्ट आपली पाचव्या मजल्यावर तोंड वासून उभी. मंडळाच्या बायका तालमीला काकूंकडेच यायच्या, चार जिने चढून. नाटकातली आरोपी बाई एवढी धापा टाकत यायची की पहिला अर्धा तास तिच्याकडून नुसत्या मानेने गुन्हा कबूल करून घेण्याशिवाय दुसरं काही शक्य नव्हतं.

“अहो, जाऊन सांगा ना वर,” काकू रोज म्हणायच्या. “नाहीतर मी इथूनच हाक मारते.”

“खबरदार!” अण्णा म्हणायचे. “प्रकरण विचाराधीन असताना हाका मारायच्या नसतात.”

पाचव्या मजल्यावरच्या बँडमास्तरांपर्यंत पाटीची वार्ता पोचली ती अशीच, वाऱ्यावरून. ते निवृत्त झालेले, हयातभर ढोलाशेजारी उभे राहिलेले, आणि आता त्यांना टाचणी पडली तरी झोपमोड व्हायची. त्यांची खोली लिफ्टला लागून. ते खाली येऊन म्हणाले, “नुसतं प्रॉपर्ली चालायचं नाही. जेंटली पाहिजे. लोक दार आपटतात.” म्हणजे दार लावायची पाटी लागण्याआधीच दार लावणाऱ्यांविरुद्ध तक्रार आली. वकिलांनी लगेच ‘इमिजिएटली’ची उपसूचना मांडली, कारण दार कधी लावायचं याची मुदत नसेल तर हुकुमाला अर्थ नाही. प्रॉपर्ली एकटं होतं तोवर बरं होतं. आता त्याला भावंडं झाली.

गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून सभा झाली. लिफ्ट त्यांच्याच दारात उभी असल्यामुळे पाचव्या मजल्यावरच्या कुणाला सभेची गरज वाटली नाही, बँडमास्तर तेवढे कण्हत उतरले. सभेत असं ठरलं की काही ठरत नाही, तोवर पेंटरने पाटी रंगवायला घ्यावी आणि तिन्ही जागा कोऱ्या सोडाव्यात. पेंटरने अण्णांकडे नीट पाहून घेतलं, डोक्याला काही झालेलं दिसत नव्हतं, मग मुकाट्याने रंगवलं, “द लिफ्ट डोअर मस्ट”, मग मोकळी जागा, “बी”, मग मोकळी जागा, “क्लोज्ड”, पुन्हा मोकळी जागा. पाटी वाळत ठेवली होती जिन्याखाली. संध्याकाळी कुण्या वात्रटाने खडूने पहिल्या जागेत ‘नेव्हर’ लिहून ठेवलं. या इमारतीत पाळली गेलेली ती पहिली सूचना.

अण्णांना जेवण जाईना. काकूंनी ताटावर एकदाच विचारलं, “शनिवार परवावर आलाय. मी उतरणार आहे की नाही, एवढं सांगा.”

“उतरणार. मी स्वतः लिफ्टने घेऊन जाईन तुला. शब्द देतो.”

“शब्दच तर देताय रोज,” काकू म्हणाल्या आणि उठल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि अण्णांना ती रागापेक्षा जास्त झोंबली.

मग अण्णांनी हिय्या केला आणि निवृत्तीनंतरची सर्वांत मोठी तडजोड घडवून आणली. प्रत्येकाचा शब्द राहील, प्रत्येकाची जागा राहील. चेअरमनची पहिली जागा बँडमास्तरांच्या जेंटलीला, त्याबदल्यात उद्घाटन चेअरमनच्या हस्ते. मधली वकिलांची, तिथे इमिजिएटली. शेवटची ट्यूशनबाईंची, तिथे प्रॉपर्ली. पाटीचं अंतिम वाक्य झालं, “द लिफ्ट डोअर मस्ट जेंटली बी इमिजिएटली क्लोज्ड प्रॉपर्ली.” सगळ्यांनी सही केली. कुणीच वाक्य पुन्हा वाचलं नाही, कारण सगळे आपापला शब्द बघत होते.

पाटी लिफ्टच्या आत, मागच्या भिंतीवर लावायची ठरली. शनिवारी दुपारी पाचव्या मजल्यावर उद्घाटन. काकूंना न्यायला मंडळाची गाडी येणार होती, तिला अवकाश होता. “पाच मिनिटांत आलोच,” म्हणून अण्णा कडक इस्त्रीच्या कपड्यांत वर गेले. फोन त्यांनी घरीच ठेवला. सभेत फोन वाजणं त्यांना असभ्य वाटायचं.

वर गर्दी झाली होती. पाटी आतल्या भिंतीवर, तेव्हा ती सगळ्यांना दिसावी म्हणून दार उघडं. फोटो काढायचा, म्हणून दार उघडं. चेअरमननी फडकं बाजूला केलं, टाळ्या झाल्या, आणि अण्णांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. अण्णांचे दोन शब्द म्हणजे काय हे त्यांच्या कचेरीतल्या माणसांना विचारावं. ते शिस्त या विषयावर आले तेवढ्यात लिफ्टची घंटा वाजली. खालच्या कुठल्यातरी मजल्यावरून कुणीतरी बटण दाबत होतं.

घंटा थांबून पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

“बघा!” अण्णा हात वर करून म्हणाले. “हाच तो उतावीळपणा! समोर सार्वजनिक कार्य चाललंय आणि यांना दम निघत नाही. ही पाटी अशाच लोकांसाठी आहे.” पुन्हा टाळ्या झाल्या.

मग घंटा बंद पडली. शिस्तीवरून भाषण कर्तव्यावर आणि कर्तव्यावरून कचेरीतल्या आठवणींवर आलं, तरी ती पुन्हा वाजली नाही. अण्णांनी पुढचं वाक्य सुरू केलं, ‘मला असं सांगावंसं वाटतं की’, आणि काय सांगावंसं वाटतं ते त्यांच्या तोंडातच राहिलं. बायको!

ते लोकांना ढकलत जिन्याकडे धावले. घराला कुलूप. तिसऱ्या मजल्यावर कुणी नाही. दुसऱ्याच्या खाली, जिन्याच्या पायरीवर, काळा झगा गुडघ्यांवर गोळा करून काकू बसल्या होत्या. एकेका पायरीवर बसायचं, दुखरा पाय सरळ ठेवायचा आणि दोन्ही हातांवर जोर देऊन खालच्या पायरीवर सरकायचं, असं करत त्या इथवर आल्या होत्या. कपाळावर घाम होता. ओठ दाबून धरलेले.

“अगं, थांब, लिफ्ट आणतो!” अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मसुद्याशिवाय ओरडले, “अरे दार लावा रे! दार!”

वरून चेअरमनचा आवाज आला, “अण्णा, भाषण अर्धवट राहिलंय! आणि पेढे कुठे ठेवलेत?”

“दार लावा!”

“हो हो, लावतायत!” वर कुणीतरी म्हणालं. कोण लावतंय ते कुणीच म्हणालं नाही, आणि जाळीचा आवाज काही आला नाही.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “माझा पहिला प्रवेश सुटायला आलाय. मला थांबायला वेळ नाही.” आणि त्या आणखी एक पायरी सरकल्या.

अण्णांना वाटलं, तिला उचलून घ्यावं, पण त्यांची कंबर त्यांना सांगत होती की मग दोघांनाही कुणीतरी उचलावं लागेल. मग त्या कडक इस्त्रीच्या विजारीसकट काकूंच्या शेजारी पायरीवर बसले, त्यांचा दुखरा पाय आपल्या हातांवर घेतला आणि त्यांच्याबरोबर एकेक पायरी बुडावर सरकत उतरू लागले. वकिलांचं दार उघडलं, वकिलीणबाईंनी पाहिलं, आणि सभ्यपणे पुन्हा लावून घेतलं. तळाशी वॉचमन उभा होता. त्याने निवृत्त सुपरिंटेंडेंटसाहेबांना असं येताना पाहून सलाम ठोकला, आणि अण्णांनी बसल्या बसल्या मान हलवली.

नाटकाला त्या पोचल्या. उशिरा पोचल्या, पण पोचल्या. आणि काय सांगावं, दणक्यात गाजलं नाटक! विंगेत बसलेल्या नव्या प्रॉम्प्टरबाईंना ऐन वेळी पानच सापडेना. आरोपी अडली. न्यायाधीशांनी खुर्चीवरून तिचं वाक्य तिला सांगितलं. सरकारी वकील अडली, तिचंही सांगितलं. मग साक्षीदाराचं. सगळ्या खटल्यात काय बोलायचं ते न्यायाधीशच सगळ्यांना सांगतायत हे पाहून प्रेक्षक हसून हसून लोळले, लोकांना वाटलं नाटकच तसं लिहिलंय. पडदा पडला तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या काकूंना पडल्या. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अण्णांच्या विजारीला मागून चुन्याचे पट्टे होते. त्यांना त्याचं भान नव्हतं. ते डोळे पुसत होते.

गाडीने दोघांना इमारतीपाशी सोडलं. लिफ्टचा दिवा पाचाच्या आकड्यावरच होता. उद्घाटनानंतर सगळे आपापल्या घरी गेले होते, दार बाकीच्यांपैकी कुणीतरी लावील या भरवशावर. अण्णांचा हात सवयीने बटणाकडे गेला.

“अहो,” काकू म्हणाल्या. त्या झग्यासकट वॉचमनच्या स्टुलावर बसल्या होत्या, आणि न्यायाधीशाची मान अजून खाली आली नव्हती. “वर जा.”

अण्णा गेले. दुसऱ्या मजल्यावर ट्यूशनबाई म्हणाल्या, फोटो छान आलाय. तिसऱ्यावर चेअरमन म्हणाले, भाषण पुढच्या सभेत पुरं करा. अण्णा कुठेच थांबले नाहीत. पाचव्या मजल्यावर उघड्या लिफ्टमध्ये दिव्याखाली पाटी झळकत होती. त्यांनी ती पहिल्यांदाच पूर्ण वाचली. तिच्यात लिफ्ट होती, दार होतं, मस्ट होतं, दार कसं आणि कधी लावायचं तेही होतं. ते लावणारं माणूस तेवढं कुठेच नव्हतं. अशीच वाक्यं लिहिण्यात आपली हयात गेली आणि त्याबद्दल निरोपसमारंभात आपला सत्कारही झाला, हे आठवून अण्णांना कसंसंच झालं. त्यांनी दार लावलं. लिफ्ट खाली गेली.

ते जिन्याने एक मजला उतरून आले, तोवर काकू घरात पोचल्यासुद्धा होत्या. आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं.

खालून घंटा वाजू लागली. मागोमाग वकिलांचा आवाज, “चौथ्यावर दार कुणी उघडं टाकलंय? पाटी वाचता येत नाही का?”

सदर दार कोणत्या परिस्थितीत उघडं राहिलं याचा खुलासा करायला अण्णांनी तोंड उघडलं.

“अहो,” आतून काकू म्हणाल्या, “माझा गुडघा ठणकतोय. तेवढं दार लावा.”

अण्णांनी तोंड मिटलं आणि दार लावलं.